छोट्या पुस्तकांचं कपाट : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी : मर्यादा ठरवणे

काम असं आहे. उद्योजक, खातेप्रमुख आणि ज्यांच्या सहीवाचून काही हलत नाही अशा मंडळींसाठी मोजक्या छोट्या पुस्तकांचं एक कपाट लावायचं. प्रत्येक पुस्तकासोबत एक कार्ड ठेवायचं. पुस्तक कोणत्या अडचणीवर आहे, त्यातलं काय वाचायचं, काय सोडायचं आणि वाचून झाल्यावर पहिलं काम कोणतं, एवढंच त्या कार्डावर असेल.

‘छोटं’ कशाला म्हणायचं हे पानांवरून ठरत नाही. मोठा टाइप, रुंद समास आणि प्रत्येक प्रकरणाआधी एक कोरं पान दिलं की साठ पानांचा मजकूर दीडशे पानांत पसरतो. म्हणून शब्द मोजायचे. मधलं एखादं भरलेलं पान उघडायचं, ओळीतले सरासरी शब्द गुणिले ओळी गुणिले मजकुराची पानं. १० शब्द, २८ ओळी आणि १५० पानं धरली तर ४२,००० शब्द होतात. मनातल्या मनात वाचण्याचा वेग मिनिटाला साधारण २०० ते २५० शब्द असतो, म्हणजे तीन तासांच्या आसपास. पुस्तक इंग्रजी आणि वाचणाऱ्याचं रोजचं वाचन इंग्रजी नसेल तर १५० चा वेग धरावा; तेच पुस्तक मग पावणेपाच तासांचं होतं. टाचणं काढायची तर वर तासभर.

मर्यादा : ५०,००० शब्द. त्याहून मोठं पुस्तक घ्यायचंच असेल तर कोणती प्रकरणं वाचायची ते कार्डावर लिहिलं पाहिजे.

९ जानेवारी : वर्गवारी

व्यवस्थापन, विपणन, नेतृत्व अशा नेहमीच्या खणांत पुस्तकं लावली की कपाट छान दिसतं आणि कोणी हात लावत नाही. माणूस पुस्तकाकडे येतो तो ‘आज नेतृत्व वाचू’ म्हणून नव्हे, तर सकाळपासून चौथ्यांदा कोणीतरी तोच प्रश्न विचारून गेलं म्हणून. तेव्हा खण अडचणींचे करायचे :

दिवस जातो कुठे ते कळत नाही. सगळे निर्णय माझ्यापाशीच येऊन थांबतात. गिऱ्हाईक ‘छान आहे’ म्हणतं आणि विकत घेत नाही. तीच चूक पुन्हा पुन्हा होते. अहवालातले आकडे चांगले दिसतात, पण पटत नाहीत. जाहिरातीवर खर्च होतो, कशाने काय आलं ते सांगता येत नाही. हे काम पुढे रेटायचं की सोडायचं?

पुस्तक यांतल्या एकाही खणात बसत नसेल तर ते कितीही नावाजलेलं असलं तरी बाहेर.

१४ जानेवारी : आटवलेलं आणि ताणलेलं

छोटी पुस्तकं दोन जातीची असतात. काही दुधासारखी आटवलेली. मूळ मजकूर बराच होता, लेखकाने कमी केला. काही पाणी घालून वाढवलेली. मूळ एक लेख किंवा एक भाषण होतं, त्याचं पुस्तक केलं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दुकानात उभ्या उभ्या ओळखायची पद्धत अशी : पुस्तकाच्या दोन तृतीयांशावर कुठेतरी उघडायचं आणि सलग तीन पानं वाचायची. त्यांत नवी कृती, नवा अपवाद किंवा नवी अट सापडली तर पुस्तक आटवलेलं. पहिल्या प्रकरणातलंच सूत्र नव्या किश्शासकट भेटलं तर ताणलेलं.

ताणलेलं म्हणजे टाकाऊ असं नाही. त्यातला मूळ लेख शोधायचा आणि तेवढाच वाचायचा, पुष्कळदा तो सुरुवातीच्या पंचवीस-तीस पानांत असतो.

बोधकथांची चाळणी वेगळी. ‘द वन मिनिट मॅनेजर’ (केन ब्लँचर्ड आणि स्पेन्सर जॉन्सन, १९८२) गोष्टीच्या रूपात आहे आणि गोष्ट बेतास बात आहे. पण आत मोजता येण्यासारखी एक अट आहे : प्रत्येक उद्दिष्ट एका पानावर, २५० शब्दांच्या आत, मिनिटभरात वाचून होईल असं लिहायचं. ही अट उद्या सकाळी पाळता येते, म्हणून पुस्तक ठेवलं. २०१५ ची सुधारित आवृत्ती घ्यावी. जुन्या आवृत्तीतलं ‘एका मिनिटाचं खडसावणं’ नवीत ‘वळणावर आणणं’ झालं आहे आणि ते आजच्या कामाच्या जागी जास्त चालतं. इथे हमखास बिघडतं ते कौतुक. पुस्तक सांगतं की कौतुक त्याच वेळी आणि नेमक्या कामाचं करा. प्रत्यक्षात ते कानउघाडणीआधीची प्रस्तावना म्हणून वापरलं जातं, आणि मग ‘छान केलंस’ ऐकलं की समोरचा ‘पण’ची वाट बघायला लागतो.

त्याच जॉन्सनचं ‘हू मूव्ह्ड माय चीज?’ (१९९८) बाद. बदल येतो, हटून बसू नका, एवढं एक वाक्य त्यात आहे आणि ते बरोबरही आहे. पण कोणता बदल स्वीकारावा आणि कोणत्याला विरोध करावा, याची कसोटी नाही. वरिष्ठांनी कर्मचाऱ्यांना गठ्ठ्याने वाटायचं पुस्तक अशी त्याची ख्याती का झाली, हे त्यावरून समजतं.

२१ जानेवारी : पहिला खण, वेळ

‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’, पीटर ड्रकर, १९६७. मर्यादेपेक्षा थोडं जाडच आहे, पण सूट दिली. वेळेवरचं दुसरं प्रकरण संपूर्ण वाचायचं, निर्णयांवरची शेवटची दोन वाचायची, मधली जमतील तशी. भाषा त्या काळातली आहे. कार्यालयातला साहेब नेहमी पुरुष आणि चिटणीस नेहमी स्त्री. ते ओलांडून जायचं.

कार्डावर उतरवायची कृती :

वेळेची नोंद आठवणीतून लिहायची नाही. काम बदललं की त्याच क्षणी. ड्रकरची सूचना सलग तीन ते चार आठवड्यांची, वर्षातून साधारण दोनदा. कागदावर तीन रकाने पुरतात : सुरू झाल्याची वेळ, काय, कोणामुळे. चौथा ‘महत्त्व’ हा रकाना घालायचा मोह होतो, घालू नये. माणूस लिहितानाच स्वतःची बाजू मांडू लागतो.

नोंद झाल्यावर प्रत्येक ओळीला प्रश्न विचारायचे. हे केलंच नसतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही, तर बंद. हे दुसरं कोणी माझ्याइतकं किंवा माझ्याहून बरं करू शकतं का? तिसरा प्रश्न स्वतःला नाही, हाताखालच्या माणसांना विचारायचा : तुमचा वेळ वाया जाईल असं मी काय करतो? हा तिसरा प्रश्न सगळे गाळतात, आणि फायदा सगळ्यात जास्त त्यातच आहे.

चुकतं कुठे? नोंद पहिल्या तीन-चार दिवसांत बंद पडते, कारण ती दिवसाअखेरीला एकदम भरायचा बेत असतो. संध्याकाळी आठवतात त्या मोठ्या बैठका. सात मिनिटांचे फोन आणि दारात उभ्याने झालेली बोलणी विसरतात, आणि दिवस खाल्लेला असतो त्यांनीच. दुसरं म्हणजे नोंद पुरी होते पण बंद काहीच होत नाही. म्हणून कार्डावर एक रिकामी ओळ ठेवली आहे : ‘या नोंदीनंतर बंद केलेलं काम : ______’. ती कोरी असेल तर पुस्तक वाचून झालं असं धरायचं नाही.

निर्णयावरच्या भागात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांचा प्रसंग आहे. बैठकीत सगळ्यांचं एकमत दिसल्यावर त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, मतभेद तयार व्हायला वेळ मिळावा म्हणून. बैठक चालवणाऱ्या प्रत्येकाने हा परिच्छेद वाचावा.

२४ जानेवारी : दुसरा खण, सगळं माझ्यापाशी येतं

इथे पुस्तकाच्या जागी लेख ठेवला : विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांचा ‘मॅनेजमेंट टाइम : हूज गॉट द मंकी?’, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू, १९७४. अर्ध्या तासाचं वाचन. हाताखालचा माणूस वाटेत गाठून म्हणतो, ‘साहेब, एक अडचण आहे.’ साहेब म्हणतात, ‘बघतो आणि सांगतो.’ तेवढ्यात पुढचं पाऊल टाकायची जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. लेखातलं माकड ते हेच.

लेखात नियम आहेत. थोडक्यात : माकडाला खाऊ घाला किंवा मारून टाका (म्हणजे वेळ देऊन काम पुढे न्या, नाहीतर बंद करा), अर्धपोटी ठेवू नका. जेवढ्यांना वेळ देता येईल तेवढीच पाळा. भेट ठरलेल्या वेळीच. समोरासमोर किंवा फोनवर, लेखी नाही. लेखी झालं की उत्तराचं देणं तुमच्याकडे येतं. पुढची भेट केव्हा आणि पुढचं पाऊल कोणाचं, हे ठरल्याशिवाय उठायचं नाही. एका भेटीला पाच ते पंधरा मिनिटं.

जोडीला डेरेक सिव्हर्सचं ‘एनिथिंग यू वॉन्ट’ (२०११). सीडी बेबी ही कंपनी उभारून २००८ मध्ये विकणाऱ्या माणसाचं छोटेखानी पुस्तक, ४० तुकडे, तासा-दीड तासात संपतं. बरेच तुकडे त्याच्या स्वभावाला साजेसे आहेत, सगळ्यांना लागू पडतीलच असं नाही. एक मात्र सोन्यासारखा : कोणी प्रश्न घेऊन आलं की एकट्याला उत्तर द्यायचं नाही. सगळ्यांना गोळा करायचं, उत्तर सांगायचं, ते उत्तर तसंच का हेही सांगायचं, आणि कोणीतरी ते कामाच्या वहीत उतरवायचं. ‘का’ सांगितलं नाही तर पुढचा प्रश्न जरा वेगळा निघाला की स्वारी पुन्हा तुमच्याच दारात. वहीत नुसती उत्तरं साठली तर ती कोणी उघडत नाही, हेही तितकंच खरं. प्रत्येक नोंदीखाली कारणाची एक ओळ हवी.

३० जानेवारी : तिसरा खण, गिऱ्हाईक

‘द मॉम टेस्ट’, रॉब फिट्झपॅट्रिक, २०१३. आटवलेल्या पुस्तकाचा नमुना. आईला तुमची कल्पना सांगितली तर ती ‘छान’च म्हणणार, तेव्हा असे प्रश्न विचारा की तिलाही खोटं बोलता येऊ नये. नियम तीनच : तुमच्या कल्पनेबद्दल नाही, त्यांच्या आयुष्याबद्दल बोला, पुढच्या काळातली मतं नकोत, मागे घडलेलं नेमकं विचारा, कमी बोला, जास्त ऐका.

वाचताना सोपं वाटतं आणि पहिल्याच भेटीत घसरायला होतं, म्हणून कार्डाला एक जोडकागद. मालाच्या साठ्याचा हिशेब ठेवणारं ॲप विकायचं आहे असं धरलं :

‘असं ॲप असलं तर तुम्ही वापराल का?’ हा प्रश्न बाद. उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्याऐवजी : ‘गेल्या वेळी माल कमी पडला तेव्हा काय झालं? सांगा जरा सगळं.’

‘महिन्याला किती द्याल?’ बाद. त्याऐवजी : ‘सध्या हा हिशेब कोण ठेवतं, त्याचा किती वेळ जातो, आणि आधी काय काय वापरून पाहिलंत?’ काहीच वापरून पाहिलं नसेल तर अडचण त्यांना टोचत नाही. टोचत असती तर एखादी वही, एखादी एक्सेल शीट तरी केली असती.

‘आणखी काय सोय हवी?’ यावर यादी मिळते आणि ती यादी घात करते. प्रत्येक मागणीवर ‘ते असलं तर तुम्ही काय कराल?’ असं विचारून मूळ कामापर्यंत जायचं.

भेटीचा निकाल कौतुकावर मोजायचा नाही, त्यांनी काय पणाला लावलं यावर मोजायचा. वेळ (पुढची भेट ठरली, त्यांच्या माणसाने वापरून बघायचं कबूल केलं), नाव (वरिष्ठांशी गाठ घालून दिली), पैसे (आगाऊ रक्कम, लेखी मागणी). तिन्हीतलं काहीच नसेल तर भेट गोड झाली, एवढंच.

आणखी एक खड्डा आहे. भेटीला एकच माणूस गेला तर त्याच्या टाचणांत त्याला हवं तेच उतरतं. दोघांनी जावं, एकाने बोलावं, दुसऱ्याने गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘त्यांना आवडलं’ असं टाचण हे टाचणच नव्हे.

६ फेब्रुवारी : चौथा खण, तीच चूक पुन्हा

‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’, अतुल गावंडे, २००९. पुस्तक मर्यादेबाहेर जातं. शस्त्रक्रियागृहातले किस्से रंगतात आणि लांबतातही. ज्याला वेळ नाही त्याने सहावं प्रकरण आधी वाचावं. विमानं बनवणाऱ्या बोइंगमध्ये वैमानिकांसाठी पडताळणीच्या याद्या कशा बनतात ते त्यात आहे आणि कामाचं जवळजवळ सगळं तिथेच आहे.

यादीचे दोन प्रकार. ‘आधी करा, मग पडताळा’ : काम आठवणीने करायचं, ठरलेल्या थांब्यावर थांबून यादी बघायची. ‘वाचा आणि करा’ : एकेक ओळ वाचत काम करायचं. सरावाच्या कामाला पहिला, क्वचित येणाऱ्या किंवा घाईगर्दीच्या कामाला दुसरा. थांबा कोणता ते स्पष्ट हवं. एका थांब्यावर पाच ते नऊ ओळी. ६० ते ९० सेकंदांत आटोपली नाही तर लोक न वाचता खुणा करू लागतात.

नमुन्यादाखल, कोटेशन पाठवण्याआधीचा थांबा :
१. गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता त्यांच्या पत्रावरून घेतला, जुन्या फाइलमधून नाही.
२. नग आणि एकक त्यांच्या मागणीपत्राशी ताडले.
३. दर कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहिलं.
४. कर दरात धरला की वेगळा, ते लिहिलं.
५. वाहतूक कोणाकडे, ते लिहिलं.
६. बेरीज दुसऱ्या माणसाने केली.

यात ‘कोटेशन काळजीपूर्वक तपासलं’ अशी ओळ नाही, हे मुद्दाम. जी ओळ ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये संपत नाही ती यादीत ठेवायची नाही. जी गोष्ट कोणी कधीच विसरत नाही, तीही नाही.

आकड्यांची बाजू नीट मांडली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरली गेली. मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचं १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुस्तक इथे थांबतं. पण २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे याद्या सार्वत्रिक झाल्यावर लक्षणीय फरक आढळला नाही. कार्डावर दोन्ही निकाल शेजारी शेजारी लिहिले. वरून हुकूम आला आणि खुणा होऊ लागल्या म्हणजे यादी लागू झाली, असं नव्हे. ज्या माणसाने ती वापरायची त्याच्याकडूनच पहिला मसुदा घ्यावा; टेबलामागे बसून लिहिलेली यादी पहिल्या गर्दीच्या दिवशी गळून पडते.

११ फेब्रुवारी : पाचवा खण, आकडे

‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’, डॅरेल हफ, १९५४. चित्रांसकट दोन-तीन तासांचं. उदाहरणं सत्तर वर्षांपूर्वीची अमेरिकन, फसवणुकीच्या तऱ्हा मात्र कालच्या अहवालातल्या. सरासरीचं प्रकरण आणि उभा अक्ष कापून चढ मोठा दाखवणाऱ्या आलेखांचं प्रकरण, ही दोन चुकवू नयेत.

सरासरीसाठी कार्डावर एक गणित. दहा मागण्या पोचवल्या. नऊ प्रत्येकी ४ दिवसांत, दहावी ५४ दिवसांत. बेरीज ९०, सरासरी ९ दिवस. अहवालात ‘सरासरी ९ दिवस’ असं येतं आणि ९ दिवस एकाही गिऱ्हाइकाला लागलेले नसतात. मधली किंमत (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारी) घेतली तर ४ येते आणि ५४ दिवस थांबलेला माणूस नाहीसा होतो. अहवालात दोन्ही हवेत, शिवाय सगळ्यात वाईट आकडाही. तीन आकडे, एक ओळ.

शेवटच्या प्रकरणात आकड्याला विचारायचे पाच प्रश्न आहेत : कोण म्हणतं? त्याला कसं कळलं? काय गाळलंय? मधेच विषय बदलला का? आणि हे बुद्धीला पटतं का? चौथा सगळ्यात निसरडा. ‘तक्रारी २० टक्क्यांनी घटल्या’ म्हणजे चुका घटल्या की तक्रार करायची खिडकी बंद झाली?

एक टीप जाता जाता : याच हफने १९६५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सिगारेट उद्योगाच्या बाजूने साक्ष दिली. त्याचेच पाच प्रश्न त्यालाही विचारता येतात, म्हणून पुस्तक काढून टाकायचं कारण दिसत नाही.

१३ फेब्रुवारी

बैठकांसाठी सी. नॉर्थकोट पार्किन्सनचं ‘पार्किन्सन्स लॉ’ (१९५७). कृती जवळजवळ काही नाही, विनोद भरपूर. वित्त समितीचं प्रकरण तेवढं वाचायचं : ब्रिटिश आवृत्तीत एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि ३५० पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास काथ्याकूट चालतो, कारण शेड सगळ्यांना कळते. उपयोग असा : विषयपत्रिकेवर प्रत्येक विषयापुढे रक्कम आणि मिनिटं आधीच छापायची. ठेवलं, पण पहिल्या रांगेत नाही.

१८ फेब्रुवारी : सहावा खण, जाहिरात

‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’, क्लॉड हॉपकिन्स, १९२३. शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे पदोपदी जाणवतं आणि तरी ऑनलाइन जाहिरातीवरच्या बऱ्याच जाड पुस्तकांपेक्षा स्वच्छ आहे. हॉपकिन्स जाहिरातीला कूपन जोडत असे. प्रत्येक जाहिरातीच्या कूपनवर वेगळी खूण असे, आणि कोणत्या मथळ्यामुळे किती कूपनं परत आली ते मोजून दर कूपनामागे पडलेला खर्च काढला जाई. आज कूपनाच्या जागी वेगळी लिंक किंवा वेगळा फोन नंबर येतो, हिशेब तोच.

कार्डावरची कृती : दोन जाहिराती, फरक एकच (मथळा किंवा देऊ केलेली गोष्ट, दोन्ही नाही), दोन खुणा, खर्च सारखा. नापास व्हायची कारणं ठरलेली. एका वेळी तीन गोष्टी बदलतात आणि कशाने फरक पडला ते कळत नाही. किंवा एकीकडे सात आणि दुसरीकडे अकरा चौकश्या आल्या की विजेता जाहीर होतो. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. आणि चौकश्या मोजायच्या की विक्री? हॉपकिन्सचा रोख शेवटी विक्रीवरच आहे.

माणसाच्या स्वभावाविषयी त्याने केलेली ठाम विधानं मात्र जपून घ्यावीत.

प्रतीबद्दल सूचना. अमेरिकेत २०१९ पासून हे पुस्तक स्वामित्वहक्काबाहेर आहे, त्यामुळे कोणीही छापतं. स्वस्त पुनर्मुद्रणांत मजकूर गळालेला असू शकतो. अनुक्रमणिकेत २१ प्रकरणं आहेत का, ते बघून घ्यायचं.

याच खणात जेम्स वेब यंगचं ‘अ टेक्निक फॉर प्रोड्यूसिंग आयडियाज’ (१९४०). एका बैठकीत संपतं. पाच पायऱ्या : सामग्री गोळा करा, ती चघळा, विषय डोक्यातून काढून टाका, कल्पना आपोआप येऊ द्या, मग तिला व्यवहारात बसवा. लोक तिसरीपासून सुरुवात करतात; काही गोळा न करता फिरायला जातात आणि काही सुचलं नाही म्हणून पुस्तकाला नावं ठेवतात. यंग छोट्या कार्डांवर, एका कार्डावर एक गोष्ट अशी सामग्री जमवायला सांगतो. मालाची विशेष माहिती आणि जगाची सामान्य माहिती, दोन्ही. पहिल्या पायरीचा कंटाळा येतो, आणि तीच सगळ्यात लांब असायला हवी.

२० फेब्रुवारी : सातवा खण, रेटायचं की सोडायचं

‘द डिप’, सेठ गॉडिन, २००७. ताणलेलं, आणि तरी ठेवलं, एका कृतीसाठी. काम हाती घेतानाच लिहून ठेवायचं की कोणत्या परिस्थितीत ते सोडू. अडचणीच्या दिवशी माणूस थकलेला असतो. त्या दिवशी घेतलेला सोडायचा निर्णय हा थकव्याचा निर्णय. लिहायचं कसं, तर तारीख आणि आकडा घालून : ‘अमुक तारखेपर्यंत पुन्हा मागणी देणारी गिऱ्हाइकं इतकी झाली नाहीत तर बंद.’ ‘प्रतिसाद समाधानकारक नसेल तर’ ही अट नव्हे, पळवाट आहे. कागदावर भागीदाराचीही सही घ्यावी.

‘द आर्ट ऑफ वॉर’ हे युद्धावरचं प्राचीन चिनी पुस्तक याच खणासाठी सुचवलं गेलं होतं. तेरा छोटी प्रकरणं, दोन तासांचं वाचन. बाद केलं. अभिजात ग्रंथ म्हणून वाचावं, पण गिऱ्हाइकाला जिंकायचा प्रदेश आणि स्पर्धकाला शत्रू समजून घेतलेले निर्णय सहसा महागात पडतात. शिवाय त्यातली म्हणून फिरणारी बरीच वचनं त्यात नाहीतच. ‘मित्रांना जवळ ठेवा, शत्रूंना त्याहून जवळ’ हे त्यांतलंच एक.

२५ फेब्रुवारी : सारांश का चालत नाही

पंधरा मिनिटांत पुस्तक सांगणारे सारांश मिळत असताना छोटं तरी पुस्तक का वाचायचं, ही शंका रास्त आहे. ताणलेल्या पुस्तकाला सारांश पुरतो, हे मान्यच. आटवलेल्याला पुरत नाही, कारण सारांशात नियम उरतो आणि अटी गळतात. ‘वेळेची नोंद ठेवा’ हे सारांशात येतं. ‘त्याच क्षणी लिहा, आठवणीतून नको’ हे गळतं, आणि सगळं यश त्या गळलेल्या अर्ध्या ओळीवर असतं.

सारांश घ्यायचाच तर पुस्तकानंतर सहा महिन्यांनी, उजळणी म्हणून.

२७ फेब्रुवारी : वाचायची पद्धत आणि कार्ड

दीड तासाच्या दोन बैठका दिनदर्शिकेत आधी नोंदवायच्या, दोघींत आठवड्याहून जास्त अंतर नको. रोज दहा मिनिटांचा बेत या पुस्तकांना मानवत नाही; दर वेळी मागची दोन पानं पुन्हा वाचावी लागतात. पहिल्या बैठकीत पहिली दहा मिनिटं अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण. मग अडचण एका वाक्यात कार्डावर लिहून वाचायला घ्यायचं. समासात दोनच खुणा : फुली म्हणजे ‘पटत नाही’, बाण म्हणजे ‘हे करायचं’. अधोरेखन नाही. अर्धं पुस्तक अधोरेखित झालं की काहीच अधोरेखित नसतं.

कार्ड पोस्टकार्डाएवढं, पाच ओळी. हफसाठी भरलेलं असं दिसतं :

अडचण : माल वेळेत जातो असं अहवाल म्हणतो, फोन वेगळंच सांगतात.
नियम : एका सरासरीवर विश्वास नाही.
पहिलं काम : मासिक अहवालात सरासरी, मधली किंमत आणि सर्वांत वाईट आकडा.
कोण करणार, कधी : लेखा विभाग, पुढचा महिनाअखेर अहवाल.
तपासणी : त्यानंतरचा दुसरा अहवाल हातात आल्यावर.

बाणाच्या खुणा दहा झाल्या तरी कार्डावर काम एकच जातं. बाकीची पुस्तकातच राहू द्यायची. पहिलं काम स्वतःच्या हातात असेल असं निवडलं तर बरं. ‘सगळ्या विभागांनी’ने सुरू होणारी कामं तपासणीच्या तारखेला जागची हललेली नसतात. आणि मालकाने पुस्तक वाचून सोमवारी सगळं बदलायचं, पुढच्या पुस्तकानंतर पुन्हा बदलायचं, याचा कर्मचाऱ्यांनी धसका घेतलेला असतो. एक कार्ड बंद झाल्याशिवाय दुसरं पुस्तक कपाटातून द्यायचं नाही.

४ मार्च : ड्रकरचं दुसरं

‘मॅनेजिंग वनसेल्फ’ : मूळ १९९९ चा हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला लेख, नंतर छोटं पुस्तक म्हणूनही निघालं. तासाभराचं. महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल अशी अपेक्षा आहे ते लिहून ठेवायचं, आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष काय झालं त्याशी ताडायचं. अपेक्षा आकड्यात लिहिली नसेल तर नऊ महिन्यांनी प्रत्येकाला आपण बरोबरच होतो असं वाटतं. लिहिलेला कागद दुसऱ्याकडे ठेवायला द्यावा.

त्यातला दुसरा प्रश्न : तुम्ही वाचून समजून घेता की ऐकून? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपैकी आयझेनहॉवर वाचणाऱ्यांतले आणि लिंडन जॉन्सन ऐकणाऱ्यांतले, अशी उदाहरणं तिथे आहेत. कपाटाच्या दृष्टीने हा प्रश्न नाजूक आहे. जो ऐकून समजून घेतो त्याच्यापुढे पुस्तक ठेवून उपयोग नाही. त्याला कार्ड घेऊन कोणाशी तरी अर्धा तास बोलायला बसवावं, किंवा बोलकं पुस्तक द्यावं. अपवाद हफचा : आलेख दिसल्याशिवाय ते पुस्तक कळत नाही.

७ मार्च : मांडणी आणि बाकी कामं

पहिली रांग : ‘मॉम टेस्ट’, ‘इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’, हफ, माकडाचा लेख, ‘मॅनेजिंग वनसेल्फ’. दुसरी रांग : गावंडे (सहाव्या प्रकरणावर खूण घालून), हॉपकिन्स, यंग, सिव्हर्स. तिसरी : ब्लँचर्ड-जॉन्सन, गॉडिन, पार्किन्सन.

नुकताच धंदा सुरू केलेल्याला ‘मॉम टेस्ट’ आधी द्यायचं. ड्रकर त्याला अजून लागत नाही, कारण वेळ कोण खातं ते त्याला ठाऊक आहे, तोच खातो. हाताखाली माणसं असलेल्याला माकडाचा लेख आधी, ड्रकर मागून.

बाकी : माकडाच्या लेखाच्या प्रती काढायच्या तर परवानगी लागते, त्याऐवजी अंक विकत घेणं सोपं. हॉपकिन्सची हाती आलेली प्रत २१ प्रकरणांशी ताडायची आहे. रोकडीच्या अडचणीचा खण अजून नाही; त्यावरची पाहिलेली छोटी पुस्तकं बचतीचा उपदेश करतात, येणं आणि देणं यांतले दिवस कसे मोजायचे ते सांगत नाहीत. तो खण तूर्त रिकामा.